गुप्तरोगांची गृहपरीक्षा : एका अधिकाराच्या संक्रमणाचा इतिहास

रोगांचा इतिहास लिहिताना साधारणतः दोन घटनांना प्राधान्य दिले जाते. रोगाचे कारण केव्हा सापडले ही पहिली आणि त्यावर गुणकारी औषध केव्हा निघाले ही दुसरी. गुप्तरोगांच्या बाबतीत या दोहोंच्या जोडीने एक तिसरा प्रश्न गेली दीडशे वर्षे सतत उपस्थित होत आलेला आहे. एखाद्या व्यक्तीला रोग झाला आहे, ही गोष्ट प्रथम कोणाला कळावी? शासनाला, वैद्याला, नियोजित पतीला किंवा पत्नीला, की ज्याच्या देहात रोग आहे त्या व्यक्तीला? अलीकडच्या काळात औषधाच्या दुकानातून परीक्षेचा संच विकत आणून घरच्या घरी आपल्याच रक्ताची वा लाळेची परीक्षा करणे शक्य झाले आहे. ही सोय केवळ रसायनशास्त्राच्या प्रगतीचे फळ आहे असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास पाहता तो अपुरा ठरतो. परीक्षा घरात येण्याची तांत्रिक शक्यता आणि तशी परवानगी यांमध्ये कित्येक वर्षांचे अंतर पडले. हे अंतर का पडले आणि ते कसे मिटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध होते. रोग प्रथम कळावयाचा तो शासनाला. इंग्लंडात १८६४, १८६६ आणि १८६९ साली सांसर्गिक रोगांचे कायदे संमत झाले. लष्करी ठाणी व बंदरे असलेल्या ठिकाणी वेश्या असल्याचा संशय असलेल्या स्त्रियांची सक्तीने शारीरिक तपासणी करावी आणि रोग आढळल्यास त्यांना 'लॉक हॉस्पिटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयांत अडकवून ठेवावे, असा या कायद्यांचा आशय होता. या व्यवस्थेतील विषमता त्या काळच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. रोग सैनिकांत आणि स्त्रियांत सारखाच होता; परंतु सैनिकांची नियतकालिक तपासणी त्यांच्या स्वाभिमानास बाध आणते म्हणून १८५९ सालीच बंद करण्यात आली होती. जोसेफीन बटलर यांनी १८६९ पासून उभारलेल्या चळवळीचा मुख्य आक्षेप हाच होता. १८८३ साली या कायद्यांची अंमलबजावणी स्थगित झाली आणि १८८६ साली ते रद्द झाले.

हिंदुस्थानात हीच पद्धती अधिक कठोर रूपाने आली. १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी छावण्यांत नोंदणी व तपासणी सुरू झाली, आणि १८६८ च्या कायद्याने ती मोठ्या शहरांपर्यंत पोहोचली. मुंबईत हा कायदा १८७० साली लागू झाला, १८७२ साली स्थगित झाला, १८८० साली पुन्हा अमलात आला आणि १८८८ साली कायमचा गेला. या धरसोडीला नैतिक आक्षेप जसे कारणीभूत झाले, तसाच खर्च कोणी सोसावा याविषयीचा सरकार व नगरपालिका यांच्यातील वादही कारणीभूत झाला. शिवाय नोंदणी टाळण्याकडेच स्त्रियांचा कल राहिला; ज्यांचा शोध घ्यावयाचा त्याच दृष्टीआड होऊ लागल्या. सक्तीच्या तपासणीतून पुढील काळाने घ्यावयाचा पहिला धडा येथे दिसतो. परीक्षेचा निकाल शिक्षेत परिणत होतो असे कळले, की माणसे परीक्षेपासून दूर पळतात.

२

या सर्व काळात 'परीक्षा' म्हणजे डोळ्यांनी केलेले निरीक्षण होते. व्रण दिसला तर रोग आहे, न दिसला तर नाही. उपदंश हा रोग दीर्घकाळ सुप्त राहू शकतो. त्यामुळे ही तपासणी शास्त्रदृष्ट्याही कुचकामी होती. ही परिस्थिती विसाव्या शतकाच्या आरंभी पालटली. १८७९ साली आल्बर्ट नाइसर यांनी परम्याचा जंतू ओळखला होता. १९०५ साली शाउडिन व हॉफमान यांना उपदंशाचा मळसूत्री जंतू दिसला. १९०६ साली ऑगस्ट फॉन वासरमान यांनी नाइसर व ब्रुक यांच्या सहकार्याने उपदंशाची रक्तपरीक्षा प्रसिद्ध केली. देहावर कसलेही चिन्ह नसताना रक्तावरून रोगाचा निर्णय करणे आता शक्य झाले.

या परीक्षेने ज्ञानाचा अधिकार शिपायाकडून काढून प्रयोगशाळेकडे दिला. वासरमान परीक्षेला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी, गिनीपिगचे रक्तजल, सशाच्या रक्तातून तयार केलेले प्रतिद्रव्य आणि उपदंशग्रस्त गर्भाच्या यकृताचा अर्क अशी सामग्री लागे. थोडेसे प्रमाण चुकले की निकाल चुके. कालांतराने असेही ध्यानात आले की निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्कही तितकेच काम करतो. म्हणजे परीक्षा उपदंशाच्या जंतूविषयी थेट काही सांगतच नव्हती. हिवताप, महारोग यांसारख्या अन्य रोगांतही ती होकारार्थी येऊ शके. हे दोन्ही रोग ज्या देशात विपुल, त्या हिंदुस्थानसारख्या देशात या उणिवेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

ल्वूफ येथील वैद्य लुडविक फ्लेक यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथात याच परीक्षेचा इतिहास आधाराला घेऊन एक मूलगामी विचार मांडला. वासरमान परीक्षा ही एका व्यक्तीची निर्मिती नसून, कित्येक अनामिक प्रयोगशाळा-कर्मचाऱ्यांनी परस्परांच्या अनुभवाने प्रमाणे जुळवीत नेल्यामुळे ती विश्वासार्ह झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. गृहपरीक्षेच्या संदर्भात हा विचार विशेष उद्‌बोधक आहे. परीक्षा ही एकट्या माणसाची कृती कधीच नव्हती. घरात येताना तिच्यामागचा हा समुदाय लहानशा संचात बंद करून आणावा लागणार होता.

३

प्रयोगशाळेच्या हाती परीक्षा गेल्यावर शासनाने तिचा उपयोग कसा करावा याविषयी दोन मार्ग निघाले. इंग्लंडात १९१३ साली नेमलेल्या राजकीय आयोगाने १९१६ साली आपला अहवाल दिला आणि त्याच वर्षी विनामूल्य व गोपनीय उपचारकेंद्रांची योजना अमलात आली. १९१७ च्या कायद्याने या रोगांवर अपात्र व्यक्तींनी उपचार करण्यास व औषधांच्या जाहिराती करण्यास बंदी घातली. सक्ती नाही, परंतु वैद्याशिवाय मार्गही नाही, असे या धोरणाचे स्वरूप होते. भोंदू औषधविक्रेत्यांचा त्या काळचा सुळसुळाट पाहता ही बंदी समर्थनीय होती. मात्र घरच्या घरी रोगाचा विचार करणे म्हणजे भोंदूगिरीला बळी पडणे, हे समीकरणही तिच्यामुळे रूढ झाले.

अमेरिकेत दुसरा मार्ग स्वीकारला गेला. १९३५ साली कनेक्टिकट राज्याने विवाहापूर्वी वधू व वर या दोघांचीही उपदंशासाठी रक्तपरीक्षा आवश्यक ठरवली आणि अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. थॉमस पॅरन हे १९३६ साली सर्जन जनरल झाले. त्यांनी या रोगाचे नाव वृत्तपत्रांतून व नभोवाणीवरून उघडपणे उच्चारता यावे म्हणून मोठा प्रयत्न केला. १९४३ साली पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे सिद्ध झाले, आणि पुढील काळात विवाहपूर्व परीक्षेचे कायदे एकेक करून मागे घेतले गेले. सरसकट सर्वांची परीक्षा केल्याने रोगी थोडे सापडतात आणि खर्च मात्र फार होतो, हे अनुभवाने पटले होते.

महाराष्ट्रात याच सुमारास रघुनाथ धोंडो कर्वे यांनी या विषयावरील मौन मोडण्याचे कार्य एकाकीपणे चालविले होते. त्यांचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालू राहिले आणि त्यासाठी त्यांना न्यायालयाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या. स्वतःच्या देहाविषयीचे ज्ञान मिळविण्याचा सामान्य स्त्रीपुरुषांना अधिकार आहे, या तत्त्वावर त्यांचे सारे लेखन उभे होते. तो अधिकार पुढे परीक्षेच्या साधनापर्यंत जाऊन पोहोचेल असे मात्र त्या काळी कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

४

गृहपरीक्षेचे पहिले यश गुप्तरोगांच्या क्षेत्राबाहेरचे आहे. १९६७ साली ऑर्गेनॉन या औषधकंपनीत चित्रकाराचे काम करणाऱ्या मार्गारेट क्रेन यांनी गर्भधारणेची परीक्षा स्त्रियांना घरी करता यावी यासाठी एक साधा संच कल्पिला. स्त्रिया निकालाने घाबरतील, त्यांना परीक्षा नीट जमणार नाही, वैद्यांचे महत्त्व कमी होईल, असे आक्षेप त्यावर घेण्यात आले. अमेरिकेत असे संच दुकानांत येण्यास १९७७ साल उजाडले. पुढे एच.आय.व्ही.च्या गृहपरीक्षेवर घेतले गेलेले आक्षेप याच घाटाचे होते. फरक होता तो भीतीच्या तीव्रतेचा.

एच.आय.व्ही.च्या रक्तपरीक्षेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च १९८५ मध्ये परवानगी दिली. तिचा मूळ हेतू रक्तपेढ्यांतील रक्त सुरक्षित ठेवणे हा होता. त्या वेळी रोगावर औषध नव्हते, आणि निकाल उघड झाल्यास नोकरी, घर व विमा गमावण्याचा धोका उघड होता. त्यामुळे ज्यांना रोगाचा धोका सर्वांत अधिक, त्या समलिंगी पुरुषांच्या संघटनांनीच आरंभी परीक्षेपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. याद्या तयार होतील आणि त्या शासनाच्या हाती पडतील, ही त्यांची भीती इतिहासाने शिकविलेली होती. परीक्षेसाठी लोकांनी रक्तपेढ्यांकडे धाव घेऊ नये म्हणून नावाऐवजी केवळ क्रमांक नोंदविणारी स्वतंत्र केंद्रे सुरू झाली. परीक्षा देणारा आणि त्याची ओळख यांची फारकत प्रथम येथे झाली.

घरी रक्ताचे थेंब कागदावर घेऊन ते टपालाने प्रयोगशाळेस पाठविण्याची योजना याच दशकात पुढे आली. १९८८ साली प्रशासनाने अशा संचांना परवानगी देण्यास नकार दिला. नमुना आरोग्यसेवेच्या ठिकाणीच घेतला पाहिजे असे धोरण ठरले. प्रत्यक्ष समुपदेशनाशिवाय, दूरध्वनीवरून, 'तुम्हांला प्राणघातक रोग आहे' हे ऐकल्यावर माणूस आत्महत्या करील, हा विरोधकांचा प्रमुख मुद्दा होता. हा आक्षेप अंतःकरणपूर्वक घेतला गेला होता यात संशय नाही. परंतु ज्यांना दवाखान्याची पायरी चढणे शक्य नव्हते किंवा नको होते, त्यांच्या अज्ञानाची किंमत या विचारात धरली गेली नव्हती.

मे १९९६ मध्ये 'कॉन्फाइड' या संचाला परवानगी मिळाली आणि पाठोपाठ 'होम ॲक्सेस' हा दुसरा संच आला. बोटाला सुई टोचावयाची, रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर घ्यावयाचे, संचावरील क्रमांकानिशी ते टपालाने धाडावयाचे आणि सुमारे आठवड्याने दूरध्वनी करून निकाल विचारावयाचा, अशी ही पद्धत होती. निकाल होकारार्थी असल्यास समुपदेशक बोलत असे. परवानगीचा काळही लक्षणीय आहे. डिसेंबर १९९५ पासून विषाणूवर परिणामकारक अशा नव्या औषधांचा उपयोग सुरू झाला होता आणि १९९६ साली संयुक्त औषधोपचाराचे यश जगापुढे आले. निकाल म्हणजे मृत्युपत्र, ही स्थिती पालटत होती. तंत्र पूर्वीचेच होते; ज्ञानाचा उपयोग मात्र आता बदलला होता. तरीही 'कॉन्फाइड'ची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि १९९७ साली तो संच मागे घेण्यात आला. विरोधकांची भीती आणि समर्थकांची आशा या दोन्ही अतिशयोक्त होत्या, असे त्यावरून म्हणता येते.

नमुना आणि निकाल या दोन्ही गोष्टी घरातच व्हाव्यात ही पुढची पायरी गाठण्यास आणखी सोळा वर्षे लागली. हिरड्यांवरून पट्टी फिरवून वीस ते चाळीस मिनिटांत निकाल देणाऱ्या 'ओराक्विक' संचाला, सल्लागार समितीच्या सतरा सभासदांनी एकमताने अनुकूलता दर्शविल्यावर, ३ जुलै २०१२ रोजी गृहोपयोगासाठी परवानगी मिळाली. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी अशा संचांची विक्री गुन्हा ठरविली होती. ते नियम २०१४ साली रद्द झाले आणि पहिला वैध संच २०१५ साली विक्रीस आला. २०१५ पासून मलावी, झांबिया व झिंबाब्वे या देशांत स्वपरीक्षेचे मोठे प्रयोग झाले आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने एच.आय.व्ही.च्या स्वपरीक्षेची शिफारस केली. अन्य गुप्तरोगांच्या बाबतीत ही वाटचाल अगदी अलीकडची आहे. क्लॅमिडिया व परमा यांसाठी घरी नमुना घेण्याची पहिली परवानगी अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये, तर उपदंशाच्या संपूर्ण गृहपरीक्षेची ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली. मार्च २०२५ मध्ये स्त्रियांसाठी क्लॅमिडिया, परमा व ट्रायकोमोनास यांची घरातच सुमारे अर्ध्या तासात परीक्षा करणाऱ्या साधनाला मान्यता मिळाली. या घाईमागे एक कारण होते. २०२२ साली अमेरिकेत उपदंशाचे २ लाख ७ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. ही संख्या १९५० नंतरची सर्वाधिक होती.

५

गृहपरीक्षेच्या मर्यादांचा विचार अंकांच्या साहाय्याने करणे इष्ट आहे. २०१२ च्या उपर्युक्त संचाची परीक्षा घेतली असता, बाधित व्यक्तींपैकी सुमारे ९२ टक्के व्यक्तींत तो होकारार्थी निकाल देतो आणि अबाधितांपैकी ९९.९८ टक्के व्यक्तींत नकारार्थी, असे आढळले होते. समजा, एक लक्ष लोकांनी तो वापरला आणि त्यांपैकी दोनशे बाधित आहेत. संच त्यांतील १८४ जणांना ओळखील आणि १६ जणांना 'रोग नाही' असे सांगेल. उरलेल्या ९९,८०० अबाधितांपैकी सुमारे वीस जणांना तो चुकीने 'रोग आहे' असे सांगेल. म्हणजे एकूण होकारार्थी २०४ निकालांपैकी जवळजवळ दहावा हिस्सा खोटा असेल. संसर्गानंतर तीन महिन्यांपर्यंत परीक्षा फसण्याचा संभव असतो तो वेगळाच. उपदंशाच्या गृहपरीक्षेत आणखी एक अडचण आहे. ती रक्तातील प्रतिद्रव्ये ओळखते, आणि ही प्रतिद्रव्ये रोग बरा झाल्यावरही राहू शकतात. पूर्वी उपचार घेतलेल्या माणसाला ती पुन्हा रोगी ठरवू शकेल. म्हणून होकारार्थी निकाल हा निदानाचा आरंभ मानावयाचा, शेवट नव्हे. वासरमानच्या काळची अनिश्चितता संपूर्ण नाहीशी झालेली नाही. ती आता घरातील टेबलावर उतरली आहे, आणि तिचा अर्थ लावण्यास शेजारी कोणी असेलच असे नाही.

६

भारतातील अनुभव या प्रश्नाची दुसरी बाजू स्पष्ट करतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. ते नियमित रक्तदान करीत असत आणि दान केलेल्या रक्ताच्या परीक्षेत एच.आय.व्ही. आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील दुरुस्तीनुसार त्यांना म्हापसे येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस एकटे ठेवण्यात आले. आपल्या रक्ताचा निकाल त्यांना समजण्यापूर्वीच तो शासनयंत्रणेला समजलेला होता. त्यांच्या मातोश्री लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. डिसोझा यांचे १९९२ साली निधन झाले. त्याच वर्षी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती. लॉक हॉस्पिटल बंद होऊन शंभर वर्षे लोटल्यावरही त्यामागील विचार जिवंत होता, याचे हे उदाहरण आहे. १९९७ साली मात्र मुंबई उच्च न्यायालयानेच, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीस केवळ या संसर्गाच्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या केंद्रीय कायद्याने परीक्षेपूर्वी व्यक्तीची ज्ञानपूर्वक संमती आवश्यक ठरविली आणि निकालाच्या गोपनीयतेला संरक्षण दिले.

घरच्या परीक्षेची सामान्य भारतीयांना खरी ओळख झाली ती करोनाच्या साथीत. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब संस्थेच्या स्वपरीक्षा-संचाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्यता दिली. नाकातील स्राव घेणे व पट्टी वाचणे घरातच होत असे. परंतु पट्टीचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे पाठविणे अपेक्षित होते आणि निकालाची नोंद परिषदेकडे जात असे. परीक्षा घरात आली, तरी निकाल घरापुरता राहिला नाही. साथीच्या रोगात हे योग्य मानता येईल. गुप्तरोगांच्या बाबतीत तीच योजना जशीच्या तशी लागू केल्यास मुंबईतील १८७० च्या दशकाचा धडा पुन्हा गिरवावा लागण्याचा संभव आहे.

याहून सूक्ष्म असा एक प्रश्न 'घर' या शब्दातच दडलेला आहे. गृहपरीक्षेच्या पाश्चात्त्य समर्थकांनी घर म्हणजे एकान्त असे गृहीत धरले. एका खोलीत पाचसहा माणसे राहतात त्या चाळीत वा झोपडीत हे गृहीत टिकत नाही. तेथे दवाखान्यातील परक्यांची गर्दीच कित्येकदा अधिक एकान्त देते. शिवाय, संच हाती असलेला पती पत्नीवर परीक्षेची सक्ती करू शकतो, मालक नोकरावर करू शकतो. स्वपरीक्षा कोणावरही लादली जाऊ नये, हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेने शिफारशीसोबतच नमूद केले ते याच कारणाने. शासनाची सक्ती नाहीशी होऊन तिच्या जागी कुटुंबाची सक्ती आली, तर त्या स्त्रीच्या दृष्टीने फारसा पालट झाला असे म्हणता येणार नाही.

७

सारांश, गुप्तरोगांच्या परीक्षेचा इतिहास हा ज्ञानाच्या अधिकाराचे क्रमाक्रमाने हस्तांतर होण्याचा इतिहास आहे. हा अधिकार पोलिसांकडून प्रयोगशाळेकडे, प्रयोगशाळेकडून वैद्याकडे आणि वैद्याकडून व्यक्तीकडे आला. प्रत्येक टप्प्यावर तंत्र आधी सिद्ध झाले आणि विश्वास मागाहून आला. व्यक्तीला हे ज्ञान पेलणार नाही, हा आक्षेप दर वेळी घेतला गेला. अनुभवाने तो बहुतांशी निराधार ठरविला. तथापि, अधिकाराबरोबर पूर्वी शासन व वैद्य यांच्याकडे असलेली कर्तव्येही व्यक्तीच्या माथी आली. निकालाची खातरजमा करणे, उपचार मिळविणे, सहचराला सांगणे ही ती कर्तव्ये होत. संच दुकानात ठेवल्याने ती पार पडत नाहीत. फ्लेक यांनी दाखविलेला परीक्षेमागचा समुदाय घराच्या उंबरठ्याबाहेर सज्ज असेल, दवाखाना जवळ असेल, औषध परवडेल आणि निकालाबद्दल कोणी शिक्षा करणार नाही याची खात्री असेल, तरच परीक्षेचा निकाल प्रथम आपल्याला कळावा या अधिकाराला अर्थ आहे. त्या खात्रीच्या अभावी, रोग कळूनही माणूस तितकाच असहाय राहतो. भेद इतकाच, की त्याची असहायता आता कोणाच्या नोंदवहीत दिसत नाही.